भाकरी तोंडात असताना

आत्या,

आपल्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत, बसवतात. हे मला माहीत होतं. पण बाळीवेशीतल्या तुझ्या घरात, पुढच्या खोलीत, तुला भिंतीला टेकवून बसवलेलं पाहिलं तेव्हा ते पहिल्यांदा कळलं. कपाळावर विभूती, गळ्यात हार, मान किंचित डावीकडे कललेली. लोकांचं ऐकताना तू अशीच बसायचीस. तुझ्यासमोरची सतरंजीची जागा मोकळी होती. त्या जागेवर तू किती जणांना समोरासमोर बसवलंस! त्या दिवशी मात्र येणारा प्रत्येक जण नमस्कार करून बाजूला सरकत होता. समोर कुणी बसेना. मला बसावंसं वाटत होतं. मी दारातच उभी राहिले. तू म्हणाली असतीस, "बस की गं, पाव्हणी हायस का?"

त्याला आज अठरा दिवस झाले. मला तोंडाने बोलता येत नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही, म्हणून लिहिते आहे. तेसुद्धा मराठीत. तू मला 'विंग्रजी शाळा' म्हणायचीस आणि माझे ऱ्हस्व-दीर्घ बघून हसायचीस. आताही हस. तुला एक गोष्ट सांगायची राहिली आणि एका वाक्याची माफी मागायची राहिली. दोन्ही त्याच एका भांडणातलं आहे, जे आपण दोघींनी अर्धवट सोडलं.

बाहेरच्या लोकांना वाटायचं तू फक्त भाकरी विकतेस. ज्वारीची पातळ भाकरी थापायची, भाजायची, मग फडक्यावर वाळवून पापडासारखी कडक करायची आणि पत्र्याच्या डब्यात रचायची. गल्लीतल्या बायका न्यायला यायच्या, पुण्याला मुलांकडे निघालेले लोक यायचे. पण रविवारी दुपारी जे यायचे ते भाकरी न्यायला यायचे नाहीत. एकत्र राहायचं नाही हे ज्यांचं ठरलेलं असायचं, पण मुलं कुणाकडे, सणाला कुठे, लग्नातली भांडी कुणाची, सासूच्या आजारपणात जायचं की नाही यावर अडलेलं असायचं, ते नवरा-बायको यायचे. "आमचं जुळवून द्या" म्हणत आलेल्यांना तू दारातूनच परत पाठवायचीस. "मी जोडत न्हाय बाबा. तुटलेलं नीट तोडून देते. वेडंवाकडं तुटलं की जन्मभर टोचतंय."

नियम दोनच होते. एक जण बोलणार आणि दुसऱ्याच्या हातात भाकरी, वर शेंगा चटणी. भाकरी संपेपर्यंत समोरच्याने बोलायचं, मग अदलाबदल. कडक भाकरी तोंडात असली की माणसाला मधे तोंड घालता येत नाही. सगळा ओलावा ती शोषून घेते. हा झाला पहिला नियम. दुसरा असा, की खाणाऱ्याला कुणी काही विचारायचं नाही. "जेवणाऱ्या माणसाला जाब विचारत्यात का कुटं?"

पुढे मम्मी-पप्पाही तुझ्याकडे आले, तेव्हा मम्मी पहिल्या रविवारी म्हणाली होती, "वन्सं, पण चावल्याच्या आवाजात मला ऐकू कसं येणार?"

तू म्हणालीस, "हळू चाव. आवाज न करता चाव. मग सगळं ऐकू येतंय बघ."

कवळीवाले ते काका आठवतात तुला? त्यांना चावता येईना म्हणून तू भाकरी दह्यात भिजवून दिलीस. त्यांनी ती दोन मिनिटांत गिळली आणि "ही साफ खोटं बोलती" म्हणून मोकळे झाले. पुढच्या रविवारी तू त्यांच्यापुढे वाटीभर शेंगा ठेवल्यास, टरफलासकट. "सोलून खावा. सावकाश." त्यांची बायको तासभर बोलली. शेवटी ते काका टरफलांच्या ढिगाकडे बघत म्हणाले, "हे मला आदी का सांगितलं न्हाईस?" ती म्हणाली, "तुमचं तोंड कदी रिकामं व्हतं?" सगळे हसले, तेही हसले. त्यांचं लग्न त्यानंतर महिन्याभरात मोडलं. पण ती बाई काकांच्या बहिणीच्या घरभरणीला गेली होती, हे तू मला किती कौतुकाने सांगितलंस.

हे सगळं तुला कुणी शिकवलं नव्हतं. तुझ्या स्वतःच्या सोडचिठ्ठीला कोर्टात अकरा वर्षं गेली. चोविसाव्या वर्षी तू कोर्टाबाहेरच्या बाकड्यावर बसलीस आणि उठलीस तेव्हा पस्तिशी आली होती. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे. मी एकदाच विचारलं होतं, बारावीत असताना, तुझ्या शेजारी भाकऱ्या उलट्या करत बसले होते तेव्हा. तू म्हणालीस, "त्या माणसाचं तोंडसुदिक आता नीट आठवत न्हाय मला. त्याच्या वकिलाचं आठवतंय." पुढची भाकरी थापलीस. मग म्हणालीस, "अकरा वर्षांत आमी दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो न्हाय गं. सगळं दुसऱ्यांनीच बोललं."

म्हणून मम्मी-पप्पांचं वेगळं व्हायचं ठरलं तेव्हा तू पप्पांना, तुझ्या थोरल्या भावाला, सरळ म्हणालीस, "दादा, वकिलाकडं गेलास तर मी मेले समज. दोघंबी रविवारी माझ्याकडं यायचं." नातेवाइकांनी तुला काय काय ऐकवलं. सख्ख्या भावाचं घर मोडायला ही पुढे. हिचं मोडलं म्हणून आता सगळ्यांचं मोडते. तू ऐकून घेतलंस. तुझ्या तोंडात भाकरी नव्हती तरी ऐकून घेतलंस.

मम्मी-पप्पांच्यात वाईट कुणीच नव्हतं. तीच अडचण होती. आज्जोबा गेल्यावर पप्पांना अक्कलकोटजवळच्या गावी परतायचं होतं, शेत होतं, अज्जी एकटी होती. मम्मीला तिची शाळेतली नोकरी सोडायची नव्हती, आणि मी तिच्याच शाळेत इंग्रजीतून शिकावं असं तिला वाटत होतं. चार वर्षं ते दोघं एका घरात राहून एकमेकांशी फक्त दूध आणि गॅसबद्दल बोलत होते. तुझ्याकडे सहा रविवार बसले आणि त्या सहा रविवारांत चार वर्षांपेक्षा जास्त बोलले. मी आतल्या खोलीत अभ्यासाचं पुस्तक उघडून बसायचे आणि एकही ओळ वाचायचे नाही. पप्पा रडलेले मी पहिल्यांदा ऐकले ते तिथेच. आणि मम्मीचा आवाज, एकदम मऊ, "असं होतं तर मला सांगायचंत ना." मला वाटलं, आता मिटलं. मिटलं नाही. पण ते एकमेकांना दुखवायचे थांबले. ते तू केलंस. ते मी नाकारणार नाही, कधीच नाकारलं नाही.

सातव्या रविवारी आम्हाला दोघींना पुढच्या खोलीत बोलावलं. मी तेरा वर्षांची, माझी धाकटी बहीण गौरी आठची. तू आम्हालाही भाकरी दिलीस, मोठ्या माणसांसारखी. बोलायची पाळी गौरीची होती. तिला कसली लाज! ती म्हणाली, "मला अज्जीकडं जायचंय. तिथं वासरू हाय." सगळे हसले. पप्पांनी तिला जवळ घेतलं. मम्मीने डोळे पुसले आणि मान हलवली. तेवढ्यात सगळं ठरलंच जणू. एक तिकडे, एक इकडे. दोघांनाही एकेक. कुणाचंच घर रिकामं नाही.

मग तू माझ्याकडे वळलीस. माझ्या ताटलीत अर्धी भाकरी होती. मी पटकन एक तुकडा मोडून तोंडात घातला. तू थांबलीस, कारण खाणाऱ्याला विचारायचं नाही. तो तुकडा संपत आला तसा मी दुसरा घातला. मग तिसरा. ताटली रिकामी झाली तेव्हा मी डब्यातून स्वतःच्या हाताने आणखी एक भाकरी घेतली. ज्या पोरीला पाहुण्यांसमोर पाणी मागायला लाज वाटायची तिने. तू हसून म्हणालीस, "पोरीला भूक लई लागलीय." मी चावत राहिले. टाळू सोलवटली होती. शेवटी तू विचारलंस ते मला नव्हे, सगळ्यांना मिळून: "मंग, मेघाला चालतंय न्हवं?" सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. तोंडात भाकरी. मी मान हलवली.

तेवढं माझं मत.

पुढे एका वकीलबाईंनी तुझ्या टिपणावरून नीट कागद केले. दोघांच्या संमतीचा अर्ज, म्हणून मम्मी-पप्पांना कोर्टाची पायरी चढावी लागली, पण भांडायला नाही. येताना दोघांनी एकत्र उसाचा रस प्यायला. तू ही गोष्ट पुढे प्रत्येक जोडप्याला सांगायचीस. "माझ्या भावाचंच बघा. दोन पोरी, एक हिकडं एक तिकडं. कुणाचा आवाज वर गेला न्हाय."

खरंच गेला नाही. गौरी गेली तेव्हाही नाही. तिचे फ्रॉक मी घडी करून बॅगेत भरले. दिवाळीत आणि मे महिन्यात आम्ही एकत्र असायचो, कागदात तसं लिहिलं होतं आणि दोन्हीकडून ते काटेकोर पाळलं गेलं. पण पहिल्या दिवाळीला ती आली तेव्हा झोपेत कानडी बोलली. मला कळलं नाही. पप्पा तिच्याशी आणि अज्जीशी कानडी बोलत, आमच्या घरी मम्मीमुळे मराठी. दुसऱ्या वर्षी तिने वेणी घालायला माझ्यापुढे बसणं सोडलं. तिसऱ्या वर्षी ती मला म्हणाली, "तू लई हळू बोलतीस गं अक्का, पिच्चरमधल्या बाईसारखं." प्रत्येक वेळी पहिले दोन दिवस आम्ही पाहुण्यांसारख्या वागायचो, आणि ओळख व्हायला लागली की तिची बस असायची.

आणि मला रागवायला कुणी नव्हतं, आत्या. माझ्या वर्गात एक मुलगी होती, तिच्या आईबापांचं कोर्टात चाललं होतं. ती बापाला शिव्या द्यायची, मोठ्याने, डबा खाताना. मला तिचा हेवा वाटायचा. आमच्याकडे सगळे इतके समजुतीने वागले होते की रडायचं तरी कुणाच्या नावाने? सगळ्यांनी मला विचारलं होतं. मीच मान हलवली होती.

आता ते भांडण.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. तोवर तुझे कागद मी लिहायला लागले होते. तुझं अक्षर म्हणजे 'कोंबडीचे पाय', तूच म्हणायचीस. मी कोपऱ्यात वही घेऊन बसायचे, मान खाली, कुणाशी न बोलता. ती जागा मला फार आवडायची. त्या रविवारी रेखा आणि तिचा नवरा आले होते. ती टॉवेलच्या कारखान्यात कामाला, तो रिक्षा चालवणारा. दोन मुली. चार रविवार झाले होते, सगळं शांतपणे ठरत आलं होतं. तू मला म्हणालीस, "लिही. थोरली आईकडं, धाकटी बापाकडं."

मी लिहिलं नाही.

"काय झालं? पेन संपलं व्हय?"

"दोघींना वेगळं नका करू," मी म्हणाले.

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. रेखा माझ्याकडे बघायला लागली, जणू सतरंजीच बोलली. तू मात्र त्या दोघांना म्हणालीस, "पुढच्या रविवारी या." ते गेले. तू चुलीपाशी जाऊन बसलीस, तव्यावर भाकरी टाकलीस. माझ्याकडे पाठ होती.

"मधी का बोललीस?"

"त्या बहिणी आहेत."

"मंग? तुमीबी बहिणीच हाय की. तुमचं काय वाईट झालं?"

मी वही मिटली.

"बोल की. आता तोंडाला काय झालं?"

"मला कुणी विचारलं नव्हतं."

"विचारलं की गं! माझ्या म्होरं बसली व्हतीस. तू खात व्हतीस."

"खाणाऱ्याला विचारायचं नाही. तुझाच नियम आहे."

तू वळलीस. हातात कालथा तसाच. "म्हंजे तू मुद्दाम खात व्हतीस?"

"मी तेरा वर्षांची होते, आत्या."

"आनि कोर्टात गेले असते तुझे आईबाप तर? वर्षानुवर्षं त्या बाकड्यावर बसली असतीस डबा घिऊन. मी बसलेय. मला म्हाईत हाय ते."

तेव्हा मी ते वाक्य बोलले. मी फार कमी बोलते, त्यामुळे माझी वाक्यं माझ्या लक्षात राहतात. हे तर शब्द न शब्द आहे. "तुझी अकरा वर्षं तू आमच्यावर काढलीस. तुला आमचं बरं करायचं नव्हतं. तुला फक्त लवकर संपवायचं होतं."

तू कालथा खाली ठेवलास. मग म्हणालीस, "व्हय. असंल." आणि वळलीस. तव्यावरची भाकरी करपली होती. तू ती उचलून बाजूला ठेवलीस, फेकली नाहीस. मी चप्पल घातली आणि निघाले. बाळीवेशीतून जुळे सोलापुरातल्या आमच्या घरापर्यंत चालत गेले, भर उन्हात.

त्यानंतर मी रविवारी आले नाही. पाडव्याला आले, पंचमीला आले, मम्मीबरोबर, जेवले, हसले. तू मला जेवायला वाढायचीस आणि मी "बास" म्हणायचे, तेवढंच. कागदांचं मात्र थांबलं नाही. तू फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवायचीस, "ह्यांचं असं ठरलंय बघ, जरा नीट टाइप करून दे", मागे तव्याचा आवाज, गल्लीतल्या कुत्र्याचा. मी टाइप करून पाठवायचे. खाली तू नमस्काराचे हात टाकायचीस. तेवढ्यावर आपण दोन वर्षं काढली. नवरा-बायकोंना समोरासमोर बसवणारी तू, आणि आपल्या दोघींना बसवायला कुणी नव्हतं. की तू वाट बघत होतीस मी बोलायची? तू तशीच होतीस. कुणाच्या तोंडातून शब्द ओढून काढायची नाहीस.

मग दवाखाना. चार दिवस. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तिसऱ्या दिवशी दुपारी मम्मी खाली औषधं आणायला गेली आणि आपण दोघीच होतो. तू बोटं जुळवून तोंडाकडे नेलीस आणि भुवया उडवल्यास. जेवलीस का? मी मान हलवली. जेवले नव्हते. मग तू माझ्याकडे बघत राहिलीस, बराच वेळ, मान किंचित डावीकडे. तुझं तोंड झाकलेलं होतं, आत्या. तुला बोलता येत नव्हतं, मधे तोंड घालता येत नव्हतं, फक्त ऐकता येत होतं. तुझ्या नियमाने ती माझी पाळी होती. याहून सोपी पाळी मला कुणी दिली नसती.

मी तुझी चादर सारखी केली. म्हणाले, "एसी जास्त आहे का?"

हेच माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी माणसं येत होती. एक बाई दोन मुलींना घेऊन आली, थोरली बारा-तेराची, धाकटीचा हात धरून उभी. मी ओळखलं नाही. तिनेच ओळखलं.

"तुमी त्या लिहिणाऱ्या ताई न्हवं?"

रेखा होती ती. मी त्या दोन मुलींकडे बघत राहिले. ती म्हणाली, "दोघीबी माझ्याकडंच हायती. शनवार-रविवार दोघी त्यांच्या पप्पाकडं. एकीला एकटं न्हाय धाडायचं, असं लिहिलंय आमी."

ते मीच टाइप केलं असणार. तारखा, वार, शाळेची सुट्टी. नावं तू कधी सांगायची नाहीस, थोरली-धाकटी एवढंच. ते हेच घर असेल असं माझ्या मनातही आलं नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांचं केव्हाच वेगवेगळं झालं असेल.

"कसं ठरलं?" मी विचारलं.

"तुमी मधी बोलला न्हवं त्या दिवशी? त्याच्या पुढच्या रविवारी आत्यांनी पोरींना आनायला सांगितलं. आनि भाकरीचा डबा उचलून आत ठेवला की. म्या म्हनलं, पोरींना द्या की एकेक. तर म्हनल्या, न्हाय. लेकराच्या तोंडात काय द्यायचं न्हाय. मोठ्यांनी खायाचं, लेकरांनी बोलायचं. हितनं म्होरं असंच." तिने थोरलीच्या डोक्यावर हात ठेवला. "ही तर एक तास गप बसली बघा. एक शब्द न्हाय. आमी कट्टाळलो. आत्या न्हाय कट्टाळल्या. तशाच बसून राहिल्या हिच्या म्होरं. मंग बोलली ही."

"काय बोलली?"

थोरलीने माझ्याकडे बघितलं आणि लाजून मान खाली घातली. धाकटीनेच सांगितलं, "अक्का म्हनली, माझी वेणी कोन घालनार?"

मी आत गेले. मोरीचं दार लावलं आणि नळ सोडला.

तू मला सांगितलं नाहीस. दोन वर्षं इतके निरोप पाठवलेस, त्यात हे कधी नाही. मी तुला जे बोलले ते तू तव्यावरच्या त्या भाकरीसारखं बाजूला ठेवलंस, फेकलं नाहीस. तुझ्या एवढ्या वर्षांच्या रीतीतून एक गोष्ट काढलीस, माझ्यासाठी, आणि पुढच्या रविवारी कामाला लागलीस. आणि मी दोन वर्षं वाट बघत होते की तू "माझं चुकलं" म्हणशील.

ते वाक्य मी परत घेते. तुला लवकर संपवायचं नव्हतं. तुला फक्त आम्हाला त्या बाकड्यापासून लांब ठेवायचं होतं, आणि त्या घाईत एक पोर खात बसली ती दिसली नाही. ती चूक तुझी, आणि बोलायच्या ऐवजी खात राहिले ती माझी. मला माफ कर. हे दवाखान्यात तुझ्या कानाशी म्हणायचं होतं.

काल आम्ही तुझं घर आवरायला जमलो. मम्मी-पप्पा दोघं आले होते. माळ्यावरची भांडी पप्पा खाली देत होते, मम्मी घेत होती. "जपून हं," ती म्हणाली. "चहा घेतलास का तू?" त्यांनी विचारलं. अकरा वर्षं झाली वेगळे होऊन. घटस्फोट झालेली माणसं अशी एकमेकांचा चहा विचारतात, हे ज्यांनी बघितलं नाही त्यांना मी समजावू शकणार नाही. ते दोघं रडत नव्हते, पण मधेच काम थांबवून नुसते उभे राहायचे.

पुढच्या खोलीत आम्ही दोघी होतो, गौरी आणि मी. गौरी आता एकोणीस वर्षांची आहे. कोपऱ्यात तुझे डबे. एक रिकामा. दुसऱ्यात, तळाला, फडक्याखाली, पाच भाकऱ्या. तू दवाखान्यात जायच्या आधी केलेल्या. गौरीने त्यातली एक उचलली, उजेडाकडे धरली आणि परत ठेवायला गेली.

"ठेवू नको," मी म्हणाले. "बस इथे."

"कुटं?"

"माझ्यासमोर."

ती हसली. "आत्याची पंचायत काय गं?" पण बसली. मी भाकरी मोडली आणि अर्धी तिच्या हातात दिली. "तू खा. मला बोलायचंय."

मग तिचं हसू गेलं. तिने तुकडा तोंडात घातला आणि चावायला लागली, हळू, अजिबात आवाज न करता. कुणी शिकवावं लागलं नाही. तुझ्याच घरातली ती.

मी काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. नीट बोलता आलं नाही. मी म्हणाले की त्या दिवशी मला भूक नव्हती. मी म्हणाले की ती जाईल तिथे मला जायचं होतं, गाव असो की काहीही, आणि ते म्हटलं तर मम्मी एकटी पडेल म्हणून मी खात राहिले. तिच्या फ्रॉकबद्दल बोलले. एकदा थांबले, तर तिने उरलेल्या भाकरीकडे बोट दाखवलं, अजून आहे म्हणून, आणि मी पुढे बोलले. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती चावत होती.

तिची भाकरी संपली. तिने हात झटकले. मग माझ्या मांडीवरची उरलेली अर्धी उचलून माझ्या हातात दिली.

"आता तू खा, अक्का."

तुझी भाकरी इतक्या दिवसांची होती तरी कडक होती, आत्या. मी तुकडा तोंडात घातला.

गौरी सतरंजीकडे बघत म्हणाली, "वासरू बघायला जायाचं म्हून म्हनले व्हते मी. ऱ्हायला न्हाय. आठ वर्षांची व्हते गं. मला वाटलं, बघून परत येऊ. आनि मला वाटलं तू संगट येशील. बस निघाली तरी मी मागं बघत व्हते, तू कुटं राहिलीस म्हून."

मला मधेच काहीतरी म्हणायचं होतं. तोंडात तुझी भाकरी होती.